कट्टा उचलणाऱ्याची धाप आणि बाजेवर बसलेल्याची धाप

सोयाबीनची मळणी चालू असते. पंचविशीतला पोरगा भरलेले कट्टे बंडीत टाकून येतो, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून वाकतो आणि तोंडानं श्वास ओढतो. त्याच अंगणात बाजेच्या काठावर त्याचा आजा बसलेला असतो. त्याचेही हात गुडघ्यांवर, तोही वाकलेला, त्यालाही धाप. पोराकडे कोणी ढुंकून बघत नाही. आज्याबद्दल मात्र वाक्य ठरलेलं असतं: "बुढ्यात ताकद नाई राह्यली, एखादी सलाईन लावून द्या ना डॉक्टर."

दोघं गुडघ्यांना टेकतात ते एकाच कारणानं. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि मानेचे, छातीचे स्नायू बरगड्या वर उचलायला मोकळे होतात. साम्य जवळपास इथंच संपतं.

श्वास घेण्याचं मुख्य काम श्वासपटल करतं. छाती आणि पोट यांच्या मधोमध उपड्या टोपल्यासारखा ताणलेला हा स्नायू आकसला की खाली सरकतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना श्वासपटल जेमतेम एक-दोन सेंटिमीटर हलतं, एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा येते, मिनिटाला १२ ते २० वेळा. श्वास सोडायला तर मेहनतच नाही. ताणलेलं फुप्फुस आपोआप मागे येतं. शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्यातला टक्का-दोन टक्केच या सगळ्या कामावर खर्च होतो.

पोरगा कट्टे उचलायला लागला की बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू मदतीला येतात. पोटाचे स्नायूही कामाला लागतात, आणि त्यांचं काम मला फार हुशारीचं वाटतं. ते हवा जोरानं बाहेर ढकलतात, शिवाय श्वासपटलाला वर रेटून आणखी ताणून ठेवतात, म्हणजे पुढचा श्वास जोरकस येतो. निरोगी माणूस थांबतो तो बहुधा पाय आणि हृदय थकल्यामुळे. श्वासाच्या स्नायूंकडे तेव्हाही शिल्लक असते. काही मिनिटं बसला, पाणी प्याला की गडी परत उभा.

आज्याचं गणित उलटं आहे. पन्नास वर्षांची विडी, किंवा आजीच्या बाबतीत पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरात गेलेला चुलीपुढचा जन्म. (बाईनं कधी विडीला हात लावला नाही म्हणून तिला हा आजार नसेल असं समजू नका.) या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. त्यात श्वासनलिका अरुंद होतात आणि फुप्फुसाची मागे येण्याची ओढ कमी होते. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर निघत नाही. निघायच्या आतच पुढचा श्वास सुरू होतो. अडकलेल्या हवेनं छाती फुगलेली राहते आणि श्वासपटल खाली दाबलं जाऊन सपाट होतं.

सपाट झाल्यानं काय बिघडतं ते स्वतःच्या हातावर करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ घट्ट आवळा. आवळली जात नाही. हाताची ताकद गेलेली नाही, पण स्नायू आधीच आखूड झालाय, त्याला आकसायला जागाच उरलेली नाही. आज्याच्या श्वासपटलाची हीच अडचण. काही रुग्णांत तर ते आकसलं की खालच्या बरगड्या बाहेर पसरण्याऐवजी आत खेचल्या जातात. अंगात सदरा नसेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

हा स्नायू मुळात आळशी नसतो, याचा पुरावा आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९१ साली आलेल्या अभ्यासात दिसलं, की फुप्फुसात सारखीच हवा असताना मोजलं तर या रुग्णांचं श्वासपटल निरोगी माणसाइतकाच, किंबहुना जास्तच, जोर लावतं. त्याच नियतकालिकात १९९७ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात तीव्र आजाराच्या रुग्णांच्या श्वासपटलात लवकर न थकणारे, संथ तंतू वाढलेले आढळले. रात्रंदिवस ओझं ओढणारा हा स्नायू एका अर्थी कसलेला असतो.

तरीही 'ताकद नाही' हे अगदीच खोटं नाही. आजार वाढला, अन्न कमी पडलं, वजन उतरलं की श्वासाचे स्नायूही झिजतात. लगेच आराम पडतो म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेणाऱ्यांचे स्नायू त्यामुळेही कमजोर होतात, विशेषतः मांड्यांचे. सलाईननं यातलं काहीच भरून निघत नाही. हृदय कमजोर असेल तर जास्तीच्या पाण्यानं धाप वाढते.

फुप्फुस घट्ट, चामट होण्याचा आजार वेगळा. त्यात हवा अडकत नाही, श्वासपटल सपाट होत नाही, पण ताठर फुप्फुस ताणायला दर श्वासाला जास्त जोर लागतो. म्हणून ही माणसं भराभर, उथळ श्वास घेतात. आणि आपल्या भागात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, बायांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी. तिथं फुप्फुस आणि स्नायू दोन्ही ठीक असूनही धाप लागते. म्हणून हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय छातीला दोष देऊ नये.

ओळखायचं कसं? गेल्या वर्षी ज्या कामाला धाप लागत नव्हती त्याच कामाला यंदा लागते का, सपाट वाटेवर बरोबरीच्यांच्या मागे पडायला होतं का, हे आधी विचारावं. नक्की सांगते ती स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरानं फुंकायची तपासणी. श्वासनलिका उघडणारं औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदात निघालेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ०.७ पटीपेक्षा कमी भरली, तर नलिकांमध्ये अडथळा आहे. स्नायूंचा जोर मोजायची तपासणी निराळी. तिच्यात बंद नळीतून श्वास ओढायला लावून तोंडातला दाब बघतात.

पंपाची, म्हणजे तोंडानं औषध ओढायच्या इनहेलरची, सवय लागते या समजुतीनं तो टाळणारे गावोगाव भेटतात. पंप नलिका उघडतो, अडकलेली हवा निघते, आणि श्वासपटलाला वर सरकायला जागा मिळते. तो स्नायूचं ओझंच उतरवतो. ओठ आवळून हळू फुंकर सोडत श्वास बाहेर टाकण्यामागेही हेच आहे. घाईनं श्वास घेतला की हवा आणखी साठते, लांब फुंकरीनं ती बाहेर पडायला वेळ मिळतो. श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणारी छोटी उपकरणंही मिळतात आणि त्यांनी स्नायूंचा जोर वाढतो. पण पैसे मोजकेच असतील तर मी ते आधी पंपावर घालीन आणि आज्याला रोज बांधापर्यंत चालवीन. पाण्याची बादली उचलायची वेळ आली तर उचलताना फुंकर सोडायची, श्वास कोंडून धरायचा नाही.