हेडफोन ॲम्प : किंमत आणि आवाज यांची फारकत कशी झाली

हेडफोनला पुरेशी ताकद देणाऱ्या, 100 ते 400 डॉलरच्या हेडफोन ॲम्पची कुठलीही तुलना वाचा, तीन गोष्टींवर चर्चा होतेच: आवाज कसा आहे, आत सामान काय वापरलंय आणि पैसे वसूल होतात का. हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी जन्माला आलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागे वेगळा काळ आहे. तो लक्षात न घेतल्यामुळे आजही बरेच लोक चुकीच्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजतात, असं मला ठामपणे वाटतं.

मुळात हेडफोनला वेगळा ॲम्प लागतो ही कल्पनाच नव्हती. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी 1958 मध्ये स्टिरिओ हेडफोन आणले. पुढच्या काळात घरोघरच्या रिसीव्हरवर (रेडिओ आणि ॲम्प एकत्र असलेल्या यंत्रावर) हेडफोनचा जॅक दिसू लागला. त्यामागे स्वतंत्र सर्किट नसायचं. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतच काहीशे ओहमचा रेझिस्टर (विजेला अडवणारा भाग; ओहम हे त्या अडथळ्याचं माप) घालून जॅक काढलेला असायचा. कंपनीला ते अगदी स्वस्तात पडायचं आणि हेडफोन बनवणारेही त्याला साजेसा माल काढायचे. सेनहायझरचा 1968 चा एचडी 414 तब्बल 2000 ओहमचा होता. एवढ्या इंपीडन्सपुढे, म्हणजे हेडफोनच्या स्वतःच्या अडथळ्यापुढे, वाटेतला रेझिस्टर फारसा जाणवत नाही. पुढे आयईसी 61938 या आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोन आउटपुटच्या स्वतःच्या अडथळ्यासाठी (आउटपुट इंपीडन्ससाठी) 120 ओहमची शिफारस आली, तीही याच परंपरेतून.

या 120 ओहमचा परिणाम ऐकू येतो. हेडफोनचा इंपीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. 300 ओहमचा म्हणून विकला जाणारा सेनहायझर एचडी 600 खालच्या बासमध्ये 500 ओहमच्याही वर जातो. 120 ओहमच्या आउटपुटला जोडला की बासचा तो भाग साधारण एक डेसिबलने उचलला जातो. लोक याला ‘उबदार आवाज’ म्हणायचे आणि श्रेय ॲम्पच्या दर्जाला द्यायचे.

1979 मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि गणित फिरलं. दोन एए बॅटरींच्या 3 व्होल्टमधून जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. मग फिरत्या माणसासाठी 32 ओहमच्या आसपासचे हेडफोन, आणि घरी बसून मन लावून ऐकणाऱ्यासाठी 250, 300, 600 ओहमचे, अशी वाटणी झाली. एचडी 600 बाजारात आला 1997 मध्ये. त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत निघणारा आवाज, एका मिलीवॅटला 97 डेसिबल. वाद्यवृंदाच्या एखाद्या जोरकस क्षणी 110 डेसिबल गाठायचे तर 20 मिलीवॅट लागतात, म्हणजे 300 ओहमवर जवळपास अडीच व्होल्ट. वीज नगण्य, पण व्होल्टेज खिशातल्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचं. वेगळ्या ॲम्पची खरी गरज इथे आहे. त्यात गूढ काहीच नाही.

ही गरज व्यवसाय म्हणून ओळखणाऱ्या पहिल्या काही लोकांत टायल हर्टसेन्स होते. 1992 मध्ये त्यांनी मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी हेडरूम ही कंपनी काढली. त्यांच्या ॲम्पमध्ये क्रॉसफीडची सोय असे: डाव्या कानाचा थोडा आवाज उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे, स्पीकरसमोर बसल्यावर होतं तसं. पण हे ॲम्प विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते.

त्यांच्यासाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी एक छोटं सर्किट खुलं केलं. एक ओपॅम्प (सिग्नल वाढवणारी छोटी चिप), मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर, 9 व्होल्टची बॅटरी, आणि सगळं पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावणारं. ‘सीमॉय’ या नावाने ते जगभर पसरलं. ज्यांनी आयुष्यात सोल्डरिंग आयर्न धरलं नव्हतं त्यांनी ते धरलं. हेडफोनच्या छंदाला लाभलेली ही सर्वांत उदार देणगी, असं मी म्हणेन.

सामानाचा प्रश्न इथून सुरू झाला. ओपॅम्प सॉकेटमध्ये बसवलेला असल्यामुळे तो काढून दुसरा लावणं एका मिनिटाचं काम. मग कुठल्या ओपॅम्पचा आवाज मोकळा, कुठल्याचा कोरडा, यावर वर्षानुवर्षं चर्चा झाल्या. त्यातच एक जुना अविश्वास मिसळला. 1970 मध्ये फिनलंडचे मट्टी ओटाला यांनी दाखवलं होतं की भरपूर निगेटिव्ह फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटचा काही भाग उलटा करून परत आत देणं) दिलेले, पण मुळात संथ असलेले ट्रान्झिस्टर ॲम्प वेगवान सिग्नलवर अडखळतात. तेव्हाच्या ट्रान्झिस्टरांबाबत तो इशारा योग्य होता. पुढे ओपॅम्पचा वेग कितीतरी पटींनी वाढला, तरी ‘चिप म्हणजे हलकं, सुटे ट्रान्झिस्टर म्हणजे अस्सल’ हा समज टिकून राहिला. निळा आल्प्स पॉट (आल्प्स कंपनीचा व्हॉल्यूमचा फिरता भाग), जाडजूड ट्रान्सफॉर्मर, महागडे कपॅसिटर हे दर्जाचे पुरावे ठरले.

2011 मध्ये एन-डब्ल्यू-एव्ही-गाय या टोपणनावाच्या एका निनावी अभियंत्याने या समजाला थेट हात घातला. त्याच्याकडे व्यावसायिक मापनयंत्र होतं. नावाजलेले ॲम्प तो मोजायचा आणि आकडे छापायचा. त्याने सांगितलेला एक नियम आज सगळे वापरतात: ॲम्पचा आउटपुट इंपीडन्स हेडफोनच्या इंपीडन्सच्या एक-अष्टमांशाहून जास्त नसावा. 32 ओहमच्या हेडफोनला 4 ओहम, बस्स. 120 ओहमची जुनी शिफारस या हिशेबात कुठेच बसत नाही.

त्याच वर्षी त्याने स्वतःचा ॲम्प मांडला: ऑब्जेक्टिव्ह 2, म्हणजेच ओ 2. आउटपुटला एनजेएम 4556 ही चिप. एका डॉलरच्या आतबाहेरची, नावलौकिक नसलेली, पण हेडफोनला लागणारा करंट शांतपणे देणारी. प्रत्येक चॅनलला दोन भाग समांतर जोडलेले, आउटपुट इंपीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास. सर्किट, सुट्या भागांची यादी, प्रत्येक निवडीमागचं कारण, सगळं खुलं. कोणीही बनवून विकावं, फक्त रचना बदलू नये, एवढीच अट. 2012 मध्ये तो माणूस लिहायचा थांबला आणि परत कधी दिसला नाही. त्याचं नाव आजही ठाऊक नाही. स्वतःसाठी एक पैसाही न मागता त्याने ग्राहकाच्या हातात मोजपट्टी दिली, याबद्दल मला त्याच्याविषयी खरा आदर आहे.

त्याची टीका बोचरी होती, पण तिने काम केलं. 2010 मध्ये जेसन स्टॉडर्ड आणि माइक मोफट यांनी सुरू केलेल्या शिट ऑडिओचा पहिला ॲम्प ॲसगार्ड 249 डॉलरचा. तो चालू-बंद होताना हेडफोनमध्ये डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) झटका जातो हे मोजून दाखवल्यावर कंपनीने त्यात रिले (अशा वेळी हेडफोन वेगळा ठेवणारा स्विच) बसवला. सामानाकडे बघायचंच असेल तर मी हेच बघेन: रिले आहे का, हेडफोनचं रक्षण होतं का. 2012 च्या अखेरीस याच कंपनीने सुट्या ट्रान्झिस्टरांचा मॅग्नी 99 डॉलरला आणला. तो आकडा पुढे या क्षेत्राची पायरी बनला.

2016 मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. ॲपलने आयफोन 7 मधून हेडफोनचा जॅक काढला आणि मासड्रॉप या ऑनलाइन विक्रेत्याने सेनहायझर एचडी 650 चीच आवृत्ती असलेला एचडी 6एक्सएक्स 199 डॉलरला विकायला काढला. ज्यांच्याकडे कधीच ॲम्प नव्हता अशा कितीतरी लोकांच्या घरात 300 ओहमचा हेडफोन आला. पैसे वसूल होतात का, हा प्रश्न खऱ्या अर्थाने या ग्राहकाचा.

त्याच सुमारास अमीर मजिदीमेहर यांनी ऑडिओ प्रिसिजन कंपनीच्या मापनयंत्रावर स्वस्त-महाग सगळीच उपकरणं मोजून क्रमवारी लावायला सुरुवात केली. सिग्नलच्या तुलनेत गोंगाट आणि विरूपण (सिग्नलचा बिघडलेला भाग) किती, हे एकाच आकड्यात सांगणारं ‘सिनॅड’ लोकांच्या तोंडी झालं. 2018 मध्ये जेडीएस लॅब्सचा ॲटम 99 डॉलरला आला. सीमॉय विकण्यापासून सुरुवात करून, मग ओ 2 विकून ही कंपनी इथवर पोचली होती. त्याच वर्षी टीएचएक्स कंपनीच्या त्रुटी-दुरुस्ती तंत्रावरचा 789 हा ॲम्प आला आणि 2019 मध्ये शिटने स्वतःची परंपरा बाजूला ठेवून ओपॅम्पवरचा मॅग्नी हेरसी काढला. मग चीनमधून टॉपिंग आणि एसएमएसएल या कंपन्या उतरल्या. विरूपण 0.001 टक्क्याच्याही खाली गेलं. 110 आणि 120 डेसिबल सिनॅडमधला फरक माणसाच्या कानाला कळेल, यावर माझा विश्वास नाही. 1970 च्या दशकात शून्यांची अशीच शर्यत स्टिरिओ ॲम्पमध्ये लागली होती.

मग तुलना कशाची करायची? हायफायमनचा एचई-6 हा हेडफोन एका मिलीवॅटला 83.5 डेसिबलचा आहे. 110 डेसिबलसाठी त्याला 50 ओहमवर जवळपास 450 मिलीवॅट लागतात, तिथे ताकदीचा ॲम्प हवा. उलट अतिसंवेदनशील इअरफोनला ताकद नको, कमी गेनवरची (सिग्नल कमी वाढवतानाची) शांतता हवी. साधा पॉट अगदी खाली असताना एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा वाजतो, तेव्हा हळू आवाजात ऐकणाऱ्याने व्हॉल्यूम कंट्रोल आधी तपासावा. भारतात राहणाऱ्याला आणखी एक हिशेब आहे. 99 डॉलरवर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, आणि बिघाड झाला तर ॲम्प परत पाठवायचा खर्च त्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. इथे दुरुस्ती करून देणारा विक्रेता असेल, तर त्यासाठी हजार-दोन हजार रुपये जास्त द्यायला मी तयार असेन. दहा डेसिबल जास्त सिनॅडसाठी नाही.