बोडोच्या पंधरा अंड्यांचा हिशेब

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चर्मपत्रावर लिहिलेली एक वही जपून ठेवली आहे. सें-जर्में-दे-प्रे मठाचे मठाधिपती इर्मिनों यांनी नवव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ती तयार करवून घेतली. मठाची जमीन कुठे, किती, ती कोण कसतो, घरात माणसं किती, मठाला काय येणं आहे, हे सारं त्यात गावागणिक उतरवलं आहे. सातबारा बघायची सवय असलेल्या आपल्याला ही वही मुळीच परकी वाटत नाही. आज हाती असलेल्या तिच्या भागात सुमारे दहा हजार माणसं आहेत आणि त्यांतली बहुतेक साधी शेतकरी कुटुंबं आहेत.

व्हिलारिस नावाच्या गावच्या नोंदींत बोडो आणि त्याची बायको एर्मेंत्रुद भेटतात. त्यांना तीन मुलं. जिराईत जमीन साधारण दहा हेक्टर, शिवाय थोडा द्राक्षमळा आणि गवताचं कुरण. या जमिनीपोटी बोडोने काय द्यायचं? लष्करासाठी २ सॉलिडस चांदी. डुकरं रानात चारायला सोडतो म्हणून २ मापं वाइन. दर तिसऱ्या वर्षी १०० फळ्या. हिवाळी आणि वसंती पेरणीच्या वेळी मठाच्या शेतातला ठरलेला तुकडा नांगरून द्यायचा. दर आठवड्याला दोन दिवस वेठ आणि एक दिवस हातकाम. सांगतील तेव्हा मालाची वाहतूक. ३ कोंबड्या, १५ अंडी. पिठाच्या चक्कीत त्याचा निम्मा वाटा होता, त्याचे आणखी २ सॉलिडस वेगळे.

सॉलिडस नुसता हिशेबाचा आकडा. हातात फिरायचं ते देनिए नावाचं चांदीचं नाणं, १२ देनिएंचा एक सॉलिडस. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७९४ साली फ्रांकफुर्टला भाव बांधून दिले, त्यात एका देनिएला दोन पौंडी गव्हाच्या बारा पावरोट्या असा दर आहे. त्या दराने एकट्या लष्करपट्टीची किंमत २८८ रोट्या होते. ही पट्टी कुणी राजाचा अंमलदार गोळा करत नव्हता. ती मठाच्या खात्यात जमा होत होती, आणि तिथून पुढे काय व्हायचं हेच मला या वहीतलं सर्वांत बोलकं वाटतं.

कारण मठ म्हणजे नुसती प्रार्थनेची जागा नव्हती. फ्रँक राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात, मोठ्या मठाचा प्रमुख हा राजाचा सरदारच असे. ८०६च्या सुमारास शार्लमेनने सें-कांतें मठाचे प्रमुख फुलराद यांना धाडलेलं पत्र उपलब्ध आहे. आपली माणसं घेऊन सॅक्सनीत श्टासफुर्टला हजर व्हा, अशी त्यात आज्ञा आहे. प्रत्येक स्वाराजवळ ढाल, भाला, तलवार, धनुष्य आणि बाणांचा भाता हवा. गाड्यांत कुऱ्हाडी आणि कुदळी हव्यात. अन्न तीन महिन्यांचं, कपडे आणि शस्त्रं सहा महिन्यांची. हे पत्र धर्मगुरूला लिहिलेलं आहे! बोडोच्या मठाचं ओझंही याच जातीचं होतं, म्हणून तर त्याच्या नावापुढे लष्करपट्टी लागली.

एवढी जमीन मठांकडे आली कशी? पिढ्यानपिढ्या राजांनी आणि जमीनदारांनी आत्म्याच्या कल्याणासाठी ती दान केली. कित्येक जण जमीन चर्चच्या नावे करत आणि हयातभर कसण्यासाठी तीच परत घेत. उलटही घडलं. शार्लमेनचा आजोबा चार्ल्स मार्टेल याने चर्चच्या जमिनी काढून आपल्या लढवय्यांना वाटल्या. त्याच्या मुलाच्या काळात, ७४३ साली, एस्तिनच्या धर्मसभेत तोड निघाली: लढायांमुळे जमिनी सध्या लढवय्यांकडेच राहतील, पण मालकी चर्चची, आणि दर कुळवाडीमागे, म्हणजे एका कुळाच्या शेतवाट्यामागे, वर्षाला एक सॉलिडस चर्चला मिळेल. सेवेच्या बदल्यात जमीन, हे सरंजामशाहीचं मूळ सूत्र असं चर्चच्याच शेतांत मुरत गेलं. पुढे ७७९ साली शार्लमेनने फर्मान काढून दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणं, सक्तीचा केला.

पण चर्चने कुळाकडून नुसतं घेतलंच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शार्लमेनच्या ७८९च्या फर्मानात रविवारची कामं एकेक करून बंद केली आहेत: नांगरट, कापणी, गवत कापणं, कुंपण घालणं, झाडं तोडणं. बायकांच्या कामांची यादीही तितकीच बारकाईने दिली आहे. विणणं, शिवणं, लोकर पिंजणं, चारचौघांत धुणं धुणं, मेंढ्या कातरणं, सगळं बंद. एर्मेंत्रुदच्या हातांना आठवड्यातला एक दिवस कायद्याने मोकळा मिळाला, तो धर्मामुळे. आठवड्याचे तीन दिवस मालकाच्या नावे लिहून दिलेल्या घरात त्या एका दिवसाचं मोल केवढं असेल!

वहीतल्या लग्नांच्या नोंदीही बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. माणसांचे दर्जे होते: बोडो-एर्मेंत्रुदसारखे कोलोनस (कायद्याने मुक्त, पण जमिनीला बांधलेली कुळं), त्याखाली अर्धमुक्त लिडस, सर्वांत खाली दास. पण दास पुरुषाची बायको कोलोना (कोलोनस दर्जाची स्त्री) असल्याच्या नोंदी वारंवार सापडतात, आणि अशा घरांत मुलांचा दर्जा ठरवताना आईचा दर्जा धरला जाई. त्यामुळे बापापेक्षा मुलं एक पायरी वर सरकत. जमिनीचेही असेच दर्जे होते, आणि ते माणसाच्या दर्जाशी जुळतीलच असं नव्हतं. दासाकडे वरच्या दर्जाची जमीन असे, कोलोनस दासाच्या दर्जाची जमीन कसत असे, आणि देणं बरंचसं जमिनीवरून ठरे. कागदावरची उतरंड कडक असली, तरी प्रत्यक्ष नांदणारी कुटुंबं तिच्यातून वाटा काढत होती.

गावचा पाद्रीही याच जमिनीला बांधलेला असे. बहुतेक खेड्यांतलं चर्च जमीनदाराच्या मालकीचं, त्यामुळे तिथे कुणाला नेमायचं हेही तोच ठरवी. काही जमीनदार आपल्याच दासाला दीक्षा देववून वेदीपाशी उभं करत. पाद्री झाला तरी तो मालकाच्या मुठीतच राही. ८१८-१९ साली शार्लमेनचा मुलगा सम्राट लुई याने यावर नियम केले. दासाला पाद्री करायचं तर आधी मुक्त करा, आणि प्रत्येक चर्चला एक पूर्ण कुळवाडी अशी द्या, जिच्यावर मालकाची कसलीही वेठ नसेल.