गल्ल्यावरचा उबुंटू : नवी आवृत्ती कधी घ्यायची?

"अहो, नवीन उबुंटू आलंय म्हणे. आपल्याकडे कधी टाकताय?" ज्या दुकानांच्या संगणकावर आम्ही उबुंटू, म्हणजे संगणक चालवणारी एक लिनक्स प्रणाली, बसवून देतो, त्यांचा दिवाळीच्या तोंडावर हा फोन ठरलेला. आमचं उत्तरही ठरलेलं: इतक्यात नाही.

उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, एप्रिल आणि ऑक्टोबरात. आकड्यातच तारीख असते, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. मधल्या आवृत्त्यांना सुरक्षेची अपडेट्स जेमतेम नऊ महिने मिळतात. दर दोन वर्षांनी एप्रिलात येणाऱ्या एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला मात्र पाच वर्षं. दुकानात आम्ही तीच घालतो, तीही ऑगस्टच्या सुमारास तिची पहिली सुधारित प्रत आल्यावर.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात आम्ही हौसेनं मधली आवृत्ती टाकली होती. नेमक्या शाळा उघडायच्या आठवड्यात बिलाचा प्रिंटर कागद सोडायचा, पण कोरा! मालकांनी दोन दिवस हातानं बिलं फाडली. चूक सर्वस्वी आमची.

डेबियन ही लिनक्सचीच दुसरी प्रणाली. डेबियनवाले नव्या आवृत्तीला साधारण दोन वर्षं घेतात, पण तयार झाल्याशिवाय सोडत नाहीत. आम्हाला ते पटतं. आर्च या तिसऱ्या प्रणालीला तर आवृत्तीच नाही, रोज थोडं थोडं बदलत राहतं. घरी शिकायला झकास, गल्ल्यावर नको.

मात्र 'आवृत्ती नको' म्हणजे 'अपडेट नको' नव्हे. सुरक्षेची अपडेट्स लगेच हवीत, आणि ती आपोआप बसतील अशी सोय आम्ही करूनच देतो. तुमच्याकडे काम एकच: रात्री शटर ओढण्याआधी संगणक रीतसर बंद करा. कर्नलचं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचं, अपडेट उतरलं तरी संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुनंच कर्नल चालू राहतं. महिनोन्महिने नुसता मॉनिटर बंद करणारे ग्राहक आमच्याकडे आहेत, नावं घेत नाही.

आवृत्ती बदलायला आम्ही गुरुवारी येत नाही. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जायची शक्यता असते; ती गेली आणि काम अर्ध्यावर अडकलं, तर निस्तरायला अख्खा दिवस जातो.

तुमच्याकडे २०.०४ असेल तर तिची पाच वर्षं मे २०२५ मध्ये संपली. सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'अबाउट' उघडून आकडा बघा आणि आम्हाला कळवा. तिथून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, आधी २२.०४ ची पायरी चढावी लागते. तेव्हा अर्धा दिवस मोकळा ठेवा, आणि हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर आधीच काढून ठेवा.