मंगळ निळा का झाला?

जानेवारी २०२५ मध्ये मंगळाची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य एका बाजूला, मंगळ दुसऱ्या आणि मधे पृथ्वी. १२ तारखेला तो आपल्यापासून ९ कोटी ६० लाख किलोमीटरवर, म्हणजे त्या फेरीतल्या सगळ्यात कमी अंतरावर होता. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ निखाऱ्यासारखा दिसायचा. त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला: "मामा, मंगळ निळा आलाय. असा असतो का?" खाली फोटो. बघतो तर खरंच निळा. किंचित निळसर झाक वगैरे नाही, चक्क दौतीतली शाई.

पोरगा अकरावीत. आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण त्याच्याकडे आधीपासून होती, त्यात दिवाळीत जुना ग्रहांचा कॅमेरा हाती लागला. हा कॅमेरा म्हणजे दोन इंची डबी. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या जागी बसवायची, यूएसबीने लॅपटॉपला जोडायची आणि ग्रहाचा व्हिडिओ घ्यायचा. मग दुसरं सॉफ्टवेअर त्या व्हिडिओतल्या हजारो फ्रेम तपासतं, हवा क्षणभर स्थिर असताना मिळालेल्या चांगल्या फ्रेम निवडतं आणि एकावर एक रचून एक फोटो तयार करतं.

सकाळपर्यंत तो फोटो घरच्या ग्रुपवर पोचला होता. एका काकूंनी गंभीरपणे विचारलं, पत्रिकेत मंगळ असलेल्यांना हे चांगलं की वाईट? पत्रिकेतला मंगळ कुठल्याही रंगाचा असला तरी ठरलेलं लग्न मोडायला पुरतो. आकाशातल्या मंगळाला त्याची गंधवार्ताही नसते. त्याचा तांबडेपणा येतो लोखंडाच्या गंजापासून, आणि गंज काही एका रात्रीत निळा होत नाही. ग्रुपवरच्या दुसऱ्या एकाने 'मंगळ आज चंद्राएवढा दिसणार' हा मेसेज पुन्हा टाकला. हे भूत २००३ सालापासून फिरतंय. या वेळी मंगळाची चकती जेमतेम साडेचौदा विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होती आणि चंद्राची साधारण १८०० विकला असते, एवढं लिहून मी गप्प बसलो.

भाच्याला मात्र फोन केला. "रेकॉर्डिंग करताना स्क्रीनवर कसा दिसत होता?"

"तांबडा."

"आणि फायनल फोटोत निळा?"

"हो ना. कॅमेरा गंडलाय का रे?"

कॅमेरा गंडला नव्हता. स्क्रीनवर बरोबर आणि फाइलमधून बाहेर काढताना चूक, म्हणजे घोळ मधल्या निरोपात होता. तो समजून घ्यायचा तर सेन्सरच्या आत डोकावावं लागतं, आणि खरं सांगायचं तर हा माझा आवडता विषय आहे.

सेन्सरला रंग कळत नाहीत. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी समोरचा म्हणतो, "पण हा कलर कॅमेरा आहे!" सिलिकॉनवर प्रकाशकण आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो. तो लाल प्रकाशाने सुटला की निळ्या, हे काही त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. पिक्सेल फक्त इलेक्ट्रॉन मोजतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलला एकेक रंगीत चष्मा लावलेला असतो: कुणाला लाल, कुणाला हिरवा, कुणाला निळा. पहिल्या ओळीत लाल-हिरवा-लाल-हिरवा, दुसऱ्या ओळीत हिरवा-निळा-हिरवा-निळा, आणि पुढे याच दोन ओळी शेवटपर्यंत. दोन बाय दोनचा कुठलाही चौकोन घ्या, त्यात एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे निघतात. हिरव्याला दुप्पट मान, कारण उजेड-अंधारातला बारीक फरक आपला डोळा हिरव्याच्या आसपास सगळ्यात चांगला टिपतो.

ही मांडणी ईस्टमन कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची. तिचं अमेरिकन पेटंट मंजूर झालं २० जुलै १९७६ रोजी. आता गंमत बघा. नेमकं त्याच दिवशी नासाचं व्हायकिंग-१ यान मंगळावर उतरलं. दुसऱ्या दिवशी त्याने पहिला रंगीत फोटो पाठवला, आणि घाईघाईत तयार केलेल्या पहिल्या प्रतीत मंगळाचं आकाश चक्क पृथ्वीसारखं निळं आलं! व्हायकिंगच्या कॅमेऱ्यात बेयरची जाळी नव्हती, त्याची रीत वेगळीच होती. पण रंगांचे तीन आकडे एकमेकांशी नीट जुळवले नाहीत तर काय होतं, ते नासाने तेव्हाच अनुभवलं. यानावर रंग तपासायच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. त्यांच्यावरून आकडे जुळवले, तेव्हा ते आकाश धुळकट तांबूस निघालं. 'नासा मंगळाचे रंग बदलते' या अफवेला त्या निळ्या प्रतीपासून बराच खुराक मिळालाय.

तर बेयरच्या जाळीत प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाचा आकडा देतो. लाल चष्मेवाल्याला त्याच्या जागी हिरवा किती आणि निळा किती, हे माहीतच नसतं. सॉफ्टवेअर शेजाऱ्यांना विचारून ते दोन आकडे भरतं. याला डीबेयर करणं म्हणतात. म्हणजे अशा जाळीतून आलेल्या रंगीत डिजिटल फोटोतले दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसतात, अंदाजाने भरलेले असतात, मोबाइलच्या फोटोतलेसुद्धा. फोन हे काम गुपचूप उरकतो. ग्रहांचा कॅमेरा मात्र कच्चा व्हिडिओ देतो आणि रंग भरायचं काम पुढच्या सॉफ्टवेअरवर सोडतो. कच्च्या व्हिडिओत रंग नसतातच, नुसते आकडे. कुठला आकडा कुठल्या रंगाचा, हे ठरतं एकाच गोष्टीवरून: वरच्या डाव्या कोपऱ्यातला पहिला पिक्सेल कोण?

एक्सेलमध्ये वर्गाचे गुण भरताना रकाना एका ओळीने सरकला की गुण तेच राहतात, पोरं बदलतात. इथेही तसंच.

आता भाच्याने काय केलं होतं? डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं, १८० अंशांत फिरलेलं. ते त्याला खटकलं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आडवं उलटवा आणि उभं उलटवा अशा दोन चौकटी होत्या. त्याने दोन्हींवर टिक केलं. चित्र सरळ झालं, पोरगा खूश. पण चित्राबरोबर जाळीही फिरली. लाल-हिरवा वर आणि हिरवा-निळा खाली असा चौकोन वहीत काढा आणि वही १८० अंशांत फिरवा. पहिल्या जागी निळा येतो, शेवटच्या जागी लाल, आणि हिरवे दोघं एकमेकांच्या जागी जातात. रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांत (आर लाल, जी हिरवा, बी निळा) सांगायचं तर आरजीजीबीचं बीजीजीआर झालं. लाल आणि निळ्याची सरळ अदलाबदल! रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला आपण काय फिरवलंय ते ठाऊक होतं, म्हणून स्क्रीनवर मंगळ तांबडा. फाइलच्या माथ्यावर मात्र त्याने जुनंच लेबल लावलं, आरजीजीबी. फ्रेम रचणाऱ्याने त्या लेबलावर विश्वास ठेवला.

दोन्ही चौकटींऐवजी एकच टिक केली असती तर प्रकार आणखी मजेदार झाला असता. समजा, मंगळाच्या एखाद्या भागात लाल पिक्सेलला १००, हिरव्याला ६० आणि निळ्याला ३० असे आकडे मिळतात. दोन्हीकडून उलटवलं तर सॉफ्टवेअर त्यांना लाल ३०, हिरवा ६०, निळा १०० असं वाचतं. हाच आपला शाईचा मंगळ. एकाच बाजूने उलटवलं तर खऱ्या हिरव्या पिक्सेलांपैकी निम्म्यांना लाल समजलं जातं आणि निम्म्यांना निळं, तर खऱ्या लाल-निळ्यांना हिरवं. म्हणजे नवा लाल ६०, नवा निळाही ६०, आणि नवा हिरवा १०० व ३० यांच्या मधे, सरासरी ६५. तांबड्या मंगळाचा राखाडी, किंचित हिरवट गोळा! लाल आणि निळा या चित्रात कायम सारखेच राहणार, त्यामुळे अशा फोटोत जगातली कुठलीही वस्तू एक तर हिरवट दिसते, नाही तर जांभळट. दिवसा झाडाचा फोटो काढलात तर झाड जांभळं. शिवाय 'हिरव्या' पिक्सेलांत एक १०० चा आणि शेजारचा ३० चा, असा खेळ चालू राहतो. त्यामुळे फोटो मोठा केला की सतरंजीसारखी बारीक जाळी दिसते. जाळी दिसली की फोकस, हवा, आरसा यांना दोष देणं थांबवायचं. चूक पहिल्या पिक्सेलची आहे.

(इथे ज्यांचा धागा सुटला त्यांनी एवढंच धरून चालावं: निळा मंगळ म्हणजे दोनदा उलटवलं, जाळीवाला राखाडी मंगळ म्हणजे एकदा.)

हे लेबल कुठे असतं? ग्रहांचे व्हिडिओ बहुधा 'एसईआर' प्रकारच्या फाइलमध्ये साठवतात. तिच्या सुरुवातीला १७८ बाइटचं शीर्षक असतं आणि त्यात रंगक्रमासाठी एक आकडा. ८ म्हणजे आरजीजीबी, ११ म्हणजे बीजीजीआर, मधले ९ आणि १० एकेरी उलटवलेल्यांचे. भाच्याच्या फाइलमध्ये ११ हवा होता, होता ८. याच शीर्षकात, १६ बिटच्या आकड्यातला कुठला बाइट आधी येतो हे सांगणारी एक खूण असते. सुरुवातीच्या काही सॉफ्टवेअरांनी तिचा अर्थ नेमका उलटा घेतला. त्यांच्या फाइली जगभर पसरल्या, आणि नंतरच्यांना ती चूकच नियम म्हणून पाळावी लागली. तारे-तेजोमेघांच्या फोटोंसाठी वापरतात ती 'फिट्स' फाइल. ती खगोलशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आखली, शीर्षकातली प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, कारण पंचकार्ड ८० रकान्यांचं असायचं. तिच्या परंपरेत पहिला पिक्सेल खालचा डावा. कॅमेरे मात्र वरून वाचतात. एकाने वरून लिहिलं आणि दुसऱ्याने खालून वाचलं की झालं एकेरी उलटणं, तेही तुम्ही कुठलीच टिक न करता. म्हणून आता ओळी वरून की खालून हे सांगणारी 'रोऑर्डर' नावाची नोंद शीर्षकात घालायची पद्धत पडलीय. सिरिलसारखी फुकट सॉफ्टवेअरं ती वाचतात, आणि नसेल तर क्रम हाताने निवडू देतात.

हिरव्याचं प्रकरण वेगळं. सेन्सर हिरव्याला जास्त दाद देणारा, त्यामुळे क्रम अगदी बरोबर असतानाही कच्चा फोटो हिरवट येतो. तो पांढऱ्याचा समतोल साधला की जातो. पण म्हणून प्रत्येक हिरवं खोटं नसतं. फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला झेडटीएफ हा धूमकेतू पृथ्वीपासून सव्वाचार कोटी किलोमीटरवरून गेला, तेव्हा त्याचं डोकं खरोखर हिरवं होतं. कार्बनच्या दोन अणूंची जोडी सूर्यप्रकाशात ५१६ नॅनोमीटरच्या आसपास चमकते, त्याचा तो रंग. यातलं खरं-खोटं ओळखायला शेजारचे तारे बघावेत. तारेही हिरवे असतील तर सॉफ्टवेअरचा हिरवा, तारे पिवळे-पांढरे आणि डोकंच हिरवं असेल तर धूमकेतूचा. तारा हिरवा दिसत नाही. कॅमेरा नवा असेल तर पहिल्या रात्री मृगाकडे रोखावा. त्यातला काक्षी तारा तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा आला तर क्रम बरोबर. त्याहून सोपं म्हणजे दिवसा, सूर्याकडे पाठ करून, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली लाल साडी.

नव्या कॅमेरेवाल्यांच्या बाकीच्या तक्रारी फारशा रंजक नाहीत. फोटो संपूर्ण काळा आला तर बऱ्याचदा त्यात सगळं असतं. १२ बिटच्या कॅमेऱ्याचे आकडे ४०९५ वर संपतात, ते १६ बिटच्या ६५,५३५ पर्यंतच्या फाइलमध्ये तसेच ओतले की उजेड सोळाव्या हिश्शावर येतो. स्क्रीनवर फोटोचा उजेड ताणून बघायचा. पार्श्वभूमी ठार शून्य असेल तर ऑफसेट, म्हणजे प्रत्येक आकड्यात मुद्दाम घातलेली थोडी भर, कमी पडलाय, आणि तिथे कापली गेलेली माहिती परत मिळत नाही. फ्रेम गळत असतील तर केबल बदला. यूएसबी ३ ची केबल तीन मीटरच्या पलीकडे नेऊन वर हब लावणारे लोक कॅमेऱ्याच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरला शिव्या देताना मी पाहिलेत.

भाच्याची रात्र वाया गेली नाही. कच्चे आकडे शाबूत होते, लेबल तेवढं चुकलं होतं. फ्रेम रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'फाइलप्रमाणे' काढून 'बीजीजीआर' निवडायला लावलं. पुढच्या वेळी उलटवायचंच असेल तर रंग भरून, फ्रेम रचून झाल्यावर उलटव, असंही सांगितलं. तासाभराने फोटो आला. तांबूस नारिंगी मंगळ, मध्यावर काळसर पट्टा.

"मामा, रंग आला. पण वरच्या कडेला एक पांढरा ठिपका आहे. निळ्यातपण होता. सेन्सरवर धूळ आहे बहुतेक, ब्लोअर मारू का?"

पांढऱ्यात लाल आणि निळा सारखेच असतात, अदलाबदल केली तरी पांढरं पांढरंच. म्हणून दोन्ही फोटोंत तो ठिपका तसाच होता.

"ब्लोअर ठेव बाजूला," म्हटलं. "तिकडे उत्तर गोलार्धात वसंत चालू आहे. ती ध्रुवावरची बर्फाची टोपी आहे."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही.