मुरगावला जहाजातून उतरलात. आता दाबोळी की मोपा?

"पात्रांव, खंयचो एअरपोर्ट? दाबोळी काय मोपा?"

मुरगाव बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाल्याने विचारलं आणि आमच्या मामांनी ठणकावून सांगितलं, "गोवा एअरपोर्ट." टॅक्सीवाला हसला आणि त्याने तिकीट बघायला मागितलं. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत 'गोवा' आणि त्याखाली मुंगीएवढं 'जीओएक्स'. "मोपा," तो म्हणाला, "पयस आसा." म्हणजे लांब आहे. घड्याळात दहाला दहा कमी होती. विमान बारा पन्नासचं.

मुंबईहून क्रूझने एकेरी गोव्याला जायचं आणि परत विमानाने यायचं, असा बेत हल्ली बरेच जण करतात. त्यात ही चूक सहज होते, कारण तिकिटाच्या साइटवर गोव्यातल्या दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांची विमानं 'गोवा' या एकाच नावाखाली एका खाली एक येतात आणि आपला डोळा आधी भाड्याकडे जातो. मामांनी माणशी आठशे रुपये वाचवले होते.

जहाज लागतं ते मुरगावला, म्हणजे वास्कोच्याही पुढे, भूशिराच्या टोकाशी. (जुन्या माणसांच्या डोक्यात अजून पणजीचा धक्का असतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी तिथे जायच्या. आजचं मोठं जहाज मांडवीत शिरत नाही.) बंदरापासून दाबोळी सात-आठ किलोमीटर, वास्को ओलांडलं की आलंच. मोपा गोव्याच्या पार उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातल्या पठारावर आहे. वास्को, चिखली, कुठ्ठाळी, झुआरीचा नवा पूल, पणजी, पर्वरी, म्हापसा, धारगळ असं करत मुरगावहून जवळजवळ सगळा उत्तर गोवा उभा कापावा लागतो. अंतर ६५ ते ७० किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर दीड तास, पण पर्वरीला तो मोकळा सापडला तर नशीब समजा. मी दोन तास धरतो.

दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. तिकीट काढताना ही तीन अक्षरं वाचायची. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द बघून काही कळत नाही, तो दोन्हीकडे आहे. 'मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ' असं दिसलं तर ते मोपा, पर्रीकरांचं नाव दिलेलं.

दाबोळी पोर्तुगीजांनी १९५५च्या सुमारास बांधलं. डिसेंबर १९६१मध्ये आपल्या हवाई दलाने त्याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि गोवा मुक्त झाल्यावर ती नौदलाकडे आली. आजही तो नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. प्रवासी विमानं तिथे एका अर्थी पाहुणी. त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखायची तिथे वर्षानुवर्षांची पद्धत आहे. इतरांना याचा जाच वाटतो, पण जहाजातून उतरणाऱ्याला दुपारचंच विमान हवं असतं, त्यामुळे आपलं काही बिघडत नाही.

मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झालं आणि ५ जानेवारी २०२३पासून विमानं उडू लागली. इमारत ऐसपैस आहे, नौदलाच्या वेळांचं बंधन नाही, त्यामुळे सकाळचे पर्याय तिथे जास्त दिसतात. आणि गंमत इथेच आहे. सकाळचं स्वस्त विमान बघून भुलतो तो नेमका जहाजातून उतरणारा, ज्याला ते गाठणं सगळ्यात अवघड.

कारण जहाजाच्या पत्रकातली आठची वेळ ही जहाज धक्क्याला लागण्याची असते, आपण रस्त्यावर येण्याची नव्हे. आधी बंदराचा पायलट, म्हणजे वाटाड्या, जहाजावर चढतो, टग नावाच्या छोट्या बोटी ते ढकलत आणतात, दोर बांधतात, शिडी लागते, तपासणी होते. मग माणसं गटागटाने सोडतात. आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलेल्या बॅगा खाली ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या काळ्या, चाकांच्या, एकाच मापाच्या. मामींनी हँडलला जुन्या साडीची हिरवी किनार बांधली होती, म्हणून त्यांची दहा मिनिटं वाचली. तिथून फाटकापर्यंत जायचं आणि मग टॅक्सी. ओला-उबर गोव्यात नाही, गोवा माइल्स हे तिथलं ॲप आहे, पण फाटकावरची टॅक्सी घ्यावी लागेल असंच धरून चला. भाडं बसण्याआधी ठरवा.

बहुतेक विमान कंपन्यांचा देशांतर्गत चेक-इन काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो. हा सगळा हिशेब उलटा करत आलं, तर आठला लागणाऱ्या जहाजानंतर दाबोळीचं विमान एकच्या आधीचं घेऊ नये आणि मोपाचं तीनच्या आधीचं. भरतीमुळे किंवा धक्का रिकामा नसल्यामुळे जहाज तासभर उशिरा लागलं, तरी मग छातीत धडधड होत नाही.

म्हणजे मोपा वाईट का? मुळीच नाही. मुरगावला उतरून दोन-तीन दिवस हरमल, मोरजी, म्हापसा या बाजूला राहणार असाल, तर परतीला दाबोळी गाठणं हा मूर्खपणा होईल. बांदा-सावंतवाडीकडचे असाल तर मोपा घरचंच. आमच्या तळकोकणातल्या पाहुण्यांना आता मोपाशिवाय दुसरं काही सुचत नाही. शिवाय मोपाहून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसही सुटतात. आदल्या रात्री तुमचं डोकं कुठल्या उशीवर आहे, त्यावरून विमानतळ ठरवा. ती उशी जहाजावरची असेल तर दाबोळी. भाड्यातला फरक टॅक्सीच्या भाड्याहून मोठा असेल, तरच दुसरा विचार.

विमानच कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठीही एक खोच आहे. बंदराजवळचं स्टेशन वास्को, पण मुंबईच्या कोकणकन्या, मांडवी, वंदे भारत या गाड्या मडगावहून सुटतात आणि ते तीसेक किलोमीटरवर आहे. पुणेकरांचं मात्र नशीब चांगलं. गोवा एक्सप्रेस थेट वास्कोहूनच निघते आणि बेळगाव, मिरज, सातारा करत पुण्याला जाते.

आता मुंबईलाही दोन विमानतळ झालेत. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहून विमानं सुरू झाली आहेत, तेव्हा परतीच्या तिकिटावर उतरण्याचं ठिकाणही वाचा. पनवेलकराला ते सोन्यासारखं, पण बोरिवलीकराने आधी घरापर्यंतच्या टॅक्सीचा विचार करावा.

मामा त्या दिवशी अकरा चव्वेचाळीसला काउंटरवर पोहोचले, बंद व्हायच्या सहा मिनिटं आधी. माणशी वाचवलेले आठशे टॅक्सीने व्याजासकट वसूल केले होते. विमानात बसल्यावर मामी एवढंच म्हणाल्या, "जाताना दाबोळीचा बोर्ड दिसला होता हो मला. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."