थ्री माईल आयलंडच्या आठवणी का गोळा कराव्या लागल्या

२८ मार्च १९७९, पहाटे चारचा सुमार. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधे, सस्क्वेहाना नदीतल्या बेटावरच्या थ्री माईल आयलंड या अणुवीज प्लांटमधे युनिट २ चे पाण्याचे पंप बंद पडले, रिअ‍ॅक्टर आपोआप बंद झाला पण प्रेशर सोडायला उघडलेला एक व्हॉल्व्ह परत बसलाच नाही. कंट्रोल रूममधला दिवा फक्त बंद व्हायचा सिग्नल गेलाय एवढंच सांगायचा, व्हॉल्व्ह खरंच बंद झालाय का ते नाही, त्यामुळे ऑपरेटर्सना वाटलं आत पाणी जास्त झालंय आणि त्यांनी इमर्जन्सीचं पाणीच कमी केलं. जवळपास अर्धा कोअर, म्हणजे रिअ‍ॅक्टरमधला इंधनाचा गाभा, वितळला. १९८२ मधे आत कॅमेरा सोडला तेव्हा कुठे खरं नुकसान दिसायला लागलं.

ही मशीनची गोष्ट नीट नोंदवली गेली, प्रेसिडेंट कार्टरनी नेमलेल्या केमेनी कमिशनचा रिपोर्ट त्याच वर्षी आला. घराघरात काय झालं ते मात्र अशा रिपोर्टमधे किती मावणार.

शुक्रवारी, ३० मार्चला सकाळी आधी सांगितलं की दहा मैलांच्या आतल्यांनी घरातच थांबा, मग दुपारी गव्हर्नर थॉर्नबर्ग म्हणाले पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायकांनी आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांनी निघावं. असे लोक काही हजारच, पण घर सोडून गेले अंदाजे १ लाख ४० हजार. मला वाटतं आठवणी गोळा करायची खरी गरज या फरकात आहे, कारण एवढे लोक का निघाले ते त्यांनाच विचारावं लागतं.

जवळच्याच कार्लाइलमधल्या डिकिन्सन कॉलेजच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी मुलाखती घ्यायला सुरुवात केली, आणि हे फार मोलाचं काम झालं. आठवण ताजी असताना माणूस सांगतो की गाडीत काय भरलं, खिडक्या कशा लावून घेतल्या, कोणाला फोन केला. दहा वर्षांनी तोच माणूस नंतर वाचलेलं, ऐकलेलं त्यात मिसळून सांगतो, मुद्दाम नाही, आपोआप होतं ते. काही रहिवाशांनी तोंडाला धातूसारखी चव आल्याचं सांगितलंय. सरकारी हिशोबात आसपासच्या सुमारे २० लाख लोकांना रेडिएशनचा सरासरी डोस १ मिलिरेम (रेडिएशन मोजायचं एकक), म्हणजे छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी. नोंद दोन्हीची हवी, एकाने दुसरं खोडायचं नाही.

सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर आठवणी इतक्या लवकर गोळा होणं शक्यच नव्हतं. २७ एप्रिल १९८६ ला प्लांटशेजारच्या प्रिप्यात शहरातल्या लोकांना तात्पुरतं जायचंय सांगून बसमधे बसवलं, कागदपत्रं आणि थोडं खाणं एवढंच बरोबर, आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव टीव्हीवर बोलले ते १४ मे ला. लोक मोकळेपणाने बोलायला लागले ते बऱ्याच वर्षांनी.

थ्री माईल आयलंडचं युनिट १ २०१९ मधे बंद झालं. त्या शुक्रवारी गाडीतून नेलेली ती लहान मुलं आता पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यातल्या बहुतेकांकडे त्या दिवसाचं जे काही असेल ते आईने सांगितलेलं.