मुंबई महापालिकेचा क्लायमेट प्लॅन : फाईल जुनीच, गटाराची

मुंबई महापालिकेचं क्लायमेट बजेट, म्हणजे हवामानबदलाशी संबंधित कामांच्या खर्चाचा हिशोब, वगैरे बातम्या आल्या की लोकांना वाटतं हे सगळं कुठल्या तरी परदेशी परिषदेतून उचलून आणलंय, आणि थोडंफार आणलंय पण, पण मूळ शोधायला गेलात तर ते सापडतं पर्जन्य जलवाहिनी खात्यात, म्हणजे साध्या भाषेत गटार खात्यात.

1985 च्या पावसात शहर तुंबलं तेव्हा पालिकेने सल्लागार नेमले, त्यांचा अहवाल आला 1993 मध्ये, तोच तो ब्रिमस्टोवॅड, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा. ब्रिटिशांच्या काळातली गटारं तासाला साधारण 25 मिमी पाऊस वाहून नेतील अशी, ती पण ओहोटी असेल तर. अहवाल म्हणाला ही क्षमता 50 करा, समुद्राच्या तोंडाशी पंपिंग स्टेशन बांधा. पैसे नाहीत म्हणून अहवाल फडताळात गेला.

मग 26 जुलै 2005. सांताक्रुझला 24 तासांत 944 मिमी, आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73! मिठी नदी नावाची नदी आहे हे अर्ध्या मुंबईला त्या दिवशी कळलं. माधवराव चितळेंची समिती बसली, फडताळातला ब्रिमस्टोवॅड खाली काढला, केंद्राने पैसे मंजूर केले आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी स्टेशनं एकेक करून उभी राहिली. मोगरा आणि माहुल मात्र जागेच्या भानगडीत वर्षानुवर्षं लटकले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण टीव्हीवर दरवर्षी फक्त नालेसफाईचा गाळ मोजतात. मोठी भरती आली की गटारांची तोंडं समुद्राच्या पातळीच्या खाली जातात, मग झडपा बंद कराव्या लागतात नाहीतर समुद्रच उलटा आत येतो, आणि झडपा बंद असताना वरून पाऊस कोसळत असेल तर ते पाणी पंपाने उपसण्याशिवाय पर्याय नाही. दादर-परळकडच्या हिंदमाताला तर सगळीकडचं पाणी उतरून येतं, खोलगट भाग तो. तिथे शेवटी पालिकेने वेगळाच उपाय केला, दादरचं प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं झेवियर्स मैदान यांच्या खाली भल्यामोठ्या टाक्या बांधल्या, पाणी तिथे साठवायचं आणि भरती ओसरली की सोडायचं. माझ्या मते क्लायमेट अॅडाप्टेशन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, म्हणतात ते हेच, फक्त टेंडरमध्ये तो शब्द नसतो.

शब्द आला तो नंतर. ऑगस्ट 2020 मध्ये जे कधी तुंबत नाहीत ते चर्चगेट-गिरगावचे भाग पाण्यात गेले, कुलाब्याला एका दिवसात 330 मिमीच्या आसपास. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ. म्हणजे आता साहेबांच्या खिडकीखाली पाणी आलं. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई सी-40 या हवामानबदलावर काम करणाऱ्या जगभरच्या शहरांच्या गटात गेली, ऑगस्ट 2021 ला क्लायमेट प्लॅनचं, म्हणजे हवामान आराखड्याचं काम जाहीर झालं आणि त्याच कार्यक्रमात तेव्हाचे आयुक्त इकबालसिंह चहल म्हणाले की 2050 पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय परिसराचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. हेडलाईन तीच झाली, बाकी कोणी काही वाचलं नाही.

आराखडा आला 13 मार्च 2022 ला. 2050 पर्यंत नेट झिरो (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषून हिशोब शून्यावर आणायचा), म्हणजे देशाच्या 2070 च्या टार्गेटच्या 20 वर्षं आधी. शहराचं 2019 चं कार्बन उत्सर्जन 2.34 कोटी टन धरलंय, त्यातलं सुमारे 72 टक्के ऊर्जेचं, म्हणजे मुख्यतः वीज. आता गंमत अशी की वीज पालिका बनवत नाही, ट्रॉम्बे-डहाणूच्या कोळशाच्या चिमण्यांवर तिचा काही हुकूम चालत नाही. तिच्या हातात काय, तर नाले, कचरा, झाडं, बेस्टच्या बसेस. आणि दुसरी गंमत, नगरसेवकांची मुदत त्याच्या आदल्याच आठवड्यात 7 मार्चला संपलेली, पुढची काही वर्षं प्रशासक! त्यामुळे आमच्या वॉर्डाचं काय असं सभागृहात उठून विचारायला तेव्हा कोणीच नव्हतं. जून 2024 मध्ये क्लायमेट बजेट रिपोर्ट आला, ओस्लो, लंडन, न्यूयॉर्कनंतर आम्हीच असं सांगितलं गेलं, उघडून बघाल तर भांडवली खर्चातली बरीचशी आधीचीच कामं, पर्जन्य जलवाहिन्या, मलनिस्सारण वगैरे, क्लायमेटचा शिक्का मारून. मला यात फसवणूक दिसत नाही, पण नवीन पैसा किती हे विचारायलाच हवं.

खरी नवी आणि थेट लोकांच्या घरात जाणारी गोष्ट म्हणाल तर पावाच्या भट्ट्या. जानेवारी 2025 मध्ये हवेच्या प्रदूषणावरून हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जा म्हटलं, पालिकेने नोटिसा काढल्या आणि बेकरीवाले विचारायला लागले की नव्या भट्टीचा खर्च कोण देणार, पाव महाग झाला तर वडापावचं काय.